शिलिंगबाईंची चकती

इ. स. १९४१ च्या मार्च महिन्यापासून इंग्लंडमधील लढाऊ विमानांच्या तळांवर एक लहानशी वस्तु येऊन पोंचूं लागली. धातूची एक चकती, आणि तिच्या मध्यभागीं नेमकें मोजून पाडलेलें एक भोंक. नटाखालीं घालावयाच्या वायसरहून ती दिसण्यांत फारशी निराळी नव्हती. पेट्रोलच्या नळींत, कार्ब्युरेटरच्या जरा अलीकडे, ती बसवावयाची एवढेंच काम असे. त्यासाठीं विमान कामावरून काढावें लागत नसे, कीं कारखान्यांत धाडावें लागत नसे. परंतु जें इंजिन तोंपर्यंत ऐन झुंजींत काळा धूर ओकून आचके देत बंद पडे, तें ही चकती बसल्यानंतर तसें बंद पडेनासें झालें. सरकारदफ्तरीं तिचें नांव 'आर. ए. ई. रिस्ट्रिक्टर' असें रुक्ष होतें. वैमानिकांनीं मात्र तिचें बारसें 'मिस् शिलिंग्ज ऑरिफिस', म्हणजे 'शिलिंगबाईंचें छिद्र', असें केलें. या नांवांत शिपाईगड्यांचा जो चावटपणा आहे त्याची फोड करण्याचें येथें कारण नाहीं. ज्यांस कळावयाचा त्यांस तो कळतोच. शिवाय बाई त्या वेळीं 'मिस्' राहिलेल्याही नव्हत्या, त्यांचा विवाह १९३८ सालींच झाला होता. पण थट्टेला वस्तुस्थितीची फारशी चाड नसते.

या चकतीची हकीकत अलीकडे पुष्कळ ठिकाणीं सांगितली जाते, आणि बहुधा ती अशी सांगितली जाते: १९४० सालीं जर्मन विमानें इंग्लंडवर तुटून पडलीं, त्यांच्यापुढें इंग्रजी विमानांचीं इंजिनें बंद पडूं लागलीं, तेव्हां मोटारसायकलीवर बसून एक तरुणी आली, तिनें एक वायसर बसविला आणि ब्रिटनची लढाई जिंकून दिली. गोष्ट कानाला गोड आहे. परंतु तिच्यांतील साल चुकलें आहे, आणि साल चुकलें म्हणजे इतिहासांत बहुधा माणूसही चुकतो. शिलिंगबाईंनीं जें केलें तें याहून लहान होतें, आणि आमच्या मतें याहून अधिक आदरास पात्र होतें. तें समजण्यासाठीं थोडा वेळ यंत्राच्या पोटांत शिरावें लागेल. वाचकांनीं कंटाळूं नये. ज्यांनीं घरीं कधीं स्टोव्ह पेटविला आहे त्यांना यांतलें निम्में आधींच ठाऊक आहे.

इंजिन पेट्रोलवर चालतें असें आपण म्हणतों. वजनाच्या हिशेबानें पाहिलें तर तें हवेवर चालतें, आणि पेट्रोल हें तोंडीं लावण्यापुरतें असतें. एक भार पेट्रोल पुरतेपणीं जळण्यास सुमारें १४.७ भार हवा लागते. हें झालें रसायनशास्त्राचें प्रमाण. इंजिनाकडून जास्तींत जास्त जोर काढावयाचा तर हवा थोडी कमी करून हें प्रमाण साडेबारा-तेरापर्यंत आणावें लागतें. पेट्रोलची काटकसर करावयाची तर तें पंधरा-सोळापर्यंत न्यावें लागतें. म्हणजे सगळा खेळ बारा आणि सोळा यांच्या दरम्यानच्या अरुंद बोळांतला. रॉकेलच्या पंपाच्या स्टोव्हमध्यें हवा आणि रॉकेलची वाफ यांचा मेळ बसला म्हणजे ज्योत निळी होते आणि तिचा एकसारखा घुमणारा आवाज येऊं लागतो. मेळ बिघडला कीं तीच ज्योत पिवळी पडते, फडफडते, आणि पातेल्याच्या बुडाला काजळी धरते. मग आपल्या आया-आज्या ती बारीक पिन घेऊन त्या छिद्राशीं झगडत बसत. इंजिनाच्या आंतली ज्योत डोळ्यांनीं दिसत नाहीं, हीच काय ती अडचण.

मिश्रण दाट झालें, म्हणजे पेट्रोलाचें मान वाढलें, तर इंजिन जड चालतें, धूर सोडतें, आणि प्लगवर काजळी सांचते. हें नुकसान सुधारण्याजोगें असतें. मिश्रण विरळ झालें तर मात्र बाहेरून पुष्कळदां कांहींच दिसत नाहीं. इंजिन उलट हलकें आणि चलाख झाल्याचा भास होतो. पण पूर्ण वेगांत तें तापत जातें, झडपा करपतात, आणि शेवटीं दट्ट्याच्या माथ्यालाच भोंक पडतें. म्हणून शंका असेल तेथें अंमळ दाट बाजूला चुकावें, असें जुने जाणते मेकॅनिक सांगत असत.

हा मेळ जमविणारें जें उपकरण तोच कार्ब्युरेटर. १८८५ सालीं डाइम्लर आणि मायबाख यांनीं लांकडी सांगाड्याची जी दुचाकी तयार केली, आणि जिला पुष्कळ लोक पहिली मोटारसायकल मानतात, तिच्यांत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्याबरोबर वाफ ओढून घेण्याची युक्ति होती. ऊन चढलें, भांड्यांतलें पेट्रोल उतरलें, किंवा रस्त्यावर गचका बसला, कीं प्रमाण बदललेंच. १८९३ च्या सुमारास मायबाखनें बारीक तोटींतून पेट्रोलचा फवारा हवेच्या झोतांत सोडण्याची रीत काढली. त्याच सालीं बुडापेस्टमध्यें बांकी आणि चोंका या दोघां हंगेरियन यंत्रज्ञांनीं आपल्या कार्ब्युरेटरचें पेटंट मागितलें. तत्त्व सोपें आहे. हवा अरुंद वाटेनें वेगानें जाऊं लागली म्हणजे तिचा दाब उतरतो, आणि त्या उतरलेल्या दाबामुळें तोटींतून पेट्रोल वर ओढलें जातें. पण यासाठीं तोटीशीं पेट्रोलची पातळी सदोदित एकच राहिली पाहिजे. ती राखण्यासाठीं कार्ब्युरेटरला लागून एक लहानशी वाटी असते आणि तींत एक पोकळ गोळा तरंगत असतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकींत नळकाम करणारे जो बॉलकॉक बसवितात त्याचाच हा धाकटा भाऊ. पातळी वाढली कीं गोळा वर येऊन नळ बंद करतो, उतरली कीं खालीं जाऊन उघडतो. युक्ति फार सुंदर. पण तिच्यांत एक गोष्ट न बोलतां गृहीत धरलेली आहे, ती ही कीं, 'खालीं' म्हणजे कोणीकडे हें कधींच बदलणार नाहीं. रस्त्यावरच्या मोटारसायकलीला हें गृहीत पुरतें. विमानाला तें पुरत नाहीं, आणि आमच्या गोष्टींतलें घोडें पुढें तेथेंच पेंड खाणार आहे.

पहिल्या पिढीच्या स्वारांना मिश्रण हातानेंच जमवावें लागे. हँडलवर दोन खुंट्या असत. एकीनें मिश्रणाचा पुरवठा कमीजास्त व्हावयाचा, दुसरीनें हवेचा. चढ लागला, उतार लागला, सकाळचा गारवा सरून ऊन तापलें, कीं स्वारानें इंजिनाच्या आवाजाकडे कान देऊन त्या दोन्ही खुंट्या हलवावयाच्या. गवयाच्या मागें तंबोरा धरून बसलेल्या शिष्याप्रमाणें त्याचा एक कान सदैव सुराकडे लागलेला असे. पुढें सरकत्या पडद्याचा आणि निमुळत्या सुईचा कार्ब्युरेटर आला, आणि पुष्कळसें काम त्यानें आपल्याकडे घेतलें. १९२७ सालीं अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन इंग्रजी धंद्यांचें एकीकरण होऊन 'अमाल' ही कंपनी निघाली. त्यानंतरचीं कित्येक वर्षें इंग्रजी मोटारसायकल म्हटली कीं तिच्यावर अमालचाच कार्ब्युरेटर, असें जणुं समीकरण होऊन बसलें. मद्रासेस १९५५ सालीं निघालेल्या एन्फील्ड इंडिया कंपनीची बुलेट ही याच घराण्यांतली. म्हणून आपल्याकडील ज्या मेकॅनिकांचे हात बुलेटवर बसले, त्यांना हें सर्व पुस्तकावांचून पाठ असतें.

या कार्ब्युरेटरचें मर्म असें कीं, मूठ किती पिळली आहे त्याप्रमाणें त्यांतील सत्ता निरनिराळ्या अंमलदारांकडे जाते. मूठ नुकती सोडविली असतां राज्य पायलट जेटचें आणि हवेच्या लहान स्क्रूचें. त्याच्या थोडें पुढें पडद्याच्या कडेला दिलेल्या कापाचें. पावापासून पाऊणपर्यंत सुईचें. आणि तेथून पुढें मुख्य जेटचें. सुईच्या डोक्याशीं खांचा असतात. क्लिप एक खांच खालीं घातली कीं सुई तेवढी वर उचलली जाते आणि मधल्या वेगांतलें मिश्रण दाट होतें. नवशिका मनुष्य गाडी उभी असतां गुरगुरते कशी हें पाहून सगळे दोष हवेच्या स्क्रूवर काढूं पाहतो. जाणता प्रथम विचारतो कीं, बिघाड कितपत मूठ पिळल्यावर जाणवतो? रोग्याला ताप कोणत्या प्रहरीं चढतो हें वैद्यानें विचारावें तसेंच हें आहे.

मुख्य जेट म्हणजे पितळेचा एक इवलासा स्क्रू, आणि त्याच्या पोटांतून आरपार गेलेलें एक छिद्र. त्यावर एक आंकडा कोरलेला असतो. हा आंकडा छिद्राच्या रुंदीचा नव्हे. त्यांतून मिनिटाला किती घनसेंटिमीटर इंधन वाहूं शकतें याचा तो असतो. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण आमच्या विषयाचें बीज तींतच आहे. जेट निवडणारा मनुष्य भोंकाचा व्यास पाहत नाहीं, तो त्यांतून वाहणाऱ्या धारेचें माप पाहतो.

आणि तें माप बरोबर निघालें कीं नाहीं हें कसें कळावें? शर्यतीच्या स्वारांची रीत अशी: पूर्ण मूठ पिळून गाडी लांब पल्ल्यावर पळवावयाची, आणि वेग न उतरवितां एकदम ठिणगी तोडून क्लच दाबावयाचा. गाडी घसरत जाऊन जेथें थांबेल तेथेंच प्लग काढून त्याचें तोंड पाहावयाचें. पांढुरकें असेल तर मिश्रण विरळ, काळें काजळलेलें असेल तर दाट, आणि खरपूस भाजलेल्या पोळीच्या डागासारखें तपकिरी असेल तर ठीक. मग जेट बदलून पुन्हां तीच फेरी. दिवसाची हवा बदलली, मैदानाची उंची बदलली, इंधन बदललें, कीं पुन्हां आरंभापासून. आज पुण्या-मुंबईकडील तरुण बुलेट घेऊन लडाखपर्यंत जातात. खारदुंग-ला ही खिंड समुद्रसपाटीपासून सुमारें ५,३५० मीटर उंच. तेथें हवेचा दाब खालच्या निम्म्याच्या आसपास. कार्ब्युरेटरच्या गाडीला तेथें घरचाच जेट फार मोठा ठरतो, आणि ती धापा टाकूं लागते. स्वारास वाटतें गाडी उपाशी आहे. वस्तुतः तिला अजीर्ण झालेलें असतें.

या विद्येंत बिअट्रिस शिलिंग यांचा हात लहानपणींच बसला. त्यांचा जन्म हँपशरमधील वॉटरलूव्हिल येथें ८ मार्च १९०९ रोजीं एका खाटिकाच्या घरीं झाला. चौदाव्या वर्षीं त्यांनीं पैसे सांठवून रॉयल एन्फील्डची एक दुस्ट्रोकी मोटारसायकल विकत घेतली, आणि ती चालविण्यापेक्षां खोलण्या-जोडण्यांतच त्यांचा जीव अधिक रमला असावा असें त्यांच्या पुढील चरित्रावरून दिसतें. मुलीनें यंत्रांत हात घालावा ही गोष्ट त्या काळच्या इंग्लंडांतही सरळ नव्हती. मार्गारेट पार्ट्रिज नांवाच्या एका कर्तबगार बाई खेडोपाडीं विजेचे दिवे नेण्याचा धंदा करीत. त्यांनीं शिलिंगबाईंस आपल्या हाताखालीं उमेदवार म्हणून घेतलें, आणि त्यांच्याच प्रोत्साहनानें त्या मँचेस्टर विद्यापीठांत गेल्या. १९३२ सालीं त्यांनीं विद्युत्-अभियांत्रिकीची पदवी मिळविली, व पुढील वर्षीं यंत्र-अभियांत्रिकींत वरची परीक्षा दिली. पदवी हातीं आली, पण मंदीचे दिवस होते. आणि त्या दिवसांत त्यांचें दुसरें विद्यापीठ होतें ब्रुकलँड्स.

ब्रुकलँड्स हें लंडनजवळ सरे परगण्यांत १९०७ सालीं बांधलेलें काँक्रीटचें शर्यतमैदान. त्याच्या वळणावरील भिंतीसारख्या उंच कांठांवर गाड्या आडव्या होऊन धांवत. शर्यतीच्या वेळीं ताशीं शंभर मैलांहून अधिक वेगानें फेरी पुरी करणाऱ्या मोटारसायकलस्वाराला तेथें सोन्याचा तारा मिळे. शिलिंगबाईंनीं आपल्या ५०० घनसेंटिमीटरच्या नॉर्टनवर तो १९३४ सालीं मिळविला. त्यांच्या फेरीचा वेग ताशीं १०६ मैलांचा होता. असा तारा मिळविणाऱ्या स्त्रिया ब्रुकलँड्सच्या साऱ्या इतिहासांत तीनच झाल्या, आणि शिलिंगबाई त्यांतील दुसऱ्या. उरलेल्या दोघी, फ्लॉरेन्स ब्लेंकिरन आणि थेरेसा वॉलाक, यांनीं १९३४-३५ सालीं मोटारसायकलीनें सहारा ओलांडून केपटाऊन गांठलें, ती एक स्वतंत्र आणि अद्भुत कथा आहे. शिलिंगबाईंनीं आपल्या वाग्दत्त वराला, जॉर्ज नेलर यांना, तुम्हीही तारा मिळविल्याशिवाय लग्न नाहीं, अशी अट घातली होती असें सांगतात. अट घातली असो वा नसो, तारा त्यांनींही मिळविला खरा.

ब्रुकलँड्सवर वेगासाठीं अल्कोहोलयुक्त इंधन वापरण्याची चाल होती. अल्कोहोलाला जळावयास हवा थोडी पुरते. मेथॅनॉलच्या एका भाराला सुमारें साडेसहा भारच. अर्थात् तितक्याच हवेला इंधन दुपटीहून अधिक द्यावें लागतें, आणि जेट त्या मानानें मोठे करावे लागतात. जो हें विसरला त्याच्या दट्ट्याची राखच व्हावयाची. हा हिशेब आज आपल्याही दाराशीं आला आहे. महाराष्ट्रांतील आणि इतर प्रांतांतील साखर कारखान्यांच्या उंसापासून, तसेंच धान्यापासून निघणारें इथेनॉल आतां पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत मिसळलें जातें; तेणेंकरून पूर्ण ज्वलनाचें प्रमाण १४.७ वरून सुमारें साडेतेरावर येतें, आणि जुन्या जेटची कार्ब्युरेटरची गाडी कोणीं हात न लावतां विरळ बाजूला सरकते. आपली जुनी फटफटी अलीकडे फार तापते अशी तक्रार करणाऱ्यांनीं ब्रुकलँड्सचा हा धडा पाहावा. असो.

१९३६ सालीं शिलिंगबाई फार्नबरो येथील 'रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट' या सरकारी विमानसंशोधन-संस्थेंत रुजू झाल्या. आर. ए. ई. हीं आद्याक्षरें तिचींच. युद्ध सुरू झालें तेव्हां त्या विमानी इंजिनांच्या कार्ब्युरेटरचें काम पाहत होत्या, आणि १९४० सालीं तें कार्ब्युरेटर सगळ्या देशाच्या चिंतेचा विषय होऊन बसलें.

स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही विमानांत रोल्स-रॉइसचें मर्लिन इंजिन असे. बारा सिलिंडरांचें, २७ लिटरांचें, हजारांवर अश्वशक्तीचें. परंतु त्याला इंधन पुरविणारें उपकरण तत्त्वतः मोटारसायकलीचेंच होतें: वाटी, गोळा आणि जेट. जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ च्या इंजिनांत तसें नव्हतें. त्यांत पंपानें इंधन थेट सिलिंडरांत फवारलें जाई. यामुळें झुंजींत एक विलक्षण फरक पडे. पाठीवर शत्रु आला कीं जर्मन वैमानिक दांडा पुढें ढकलून विमानाचें नाक एकदम खालीं घाली आणि सरळ सूर मारी. मागचा इंग्रज तसेंच करूं गेला तर त्याचें इंजिन बंद पडे.

कां बंद पडे? वेगानें जाणारें विमान एकाएकीं नाक खालीं घालतें तेव्हां आंतल्या साऱ्या वस्तु छपराकडे फेंकल्या जातात. पुढें भरधांव जाणारी मोटार पुलाच्या कमानीवरून उतरतांना पोटांत जो गोळा येतो, त्याचेंच हें उग्र रूप. वाटींतलें पेट्रोल तळ सोडून माथ्याशीं जाऊन बसे; तळाशीं असलेले जेट उघडे पडत, मिश्रण विरळ होई, आणि इंजिन क्षणभर अडखळे. पण एवढ्यावर भागत नसे. 'खालीं' म्हणजे आतां 'वर' झालेलें असल्यामुळें तरंगणारा गोळा उलट्या दिशेनें, वाटीच्या खऱ्या तळाकडे जाई. पेट्रोल संपलें अशी त्याची समजूत होऊन नळ सताड उघडा राही, आणि पंप आपल्या पूर्ण जोरानें वाटी भरूं लागे. वाटी ओसंडे, मिश्रण इतकें दाट होई कीं ठिणगी त्यांत बुडून जाई. काळा धूर निघे आणि इंजिन गप्प. पहिलें अडखळणें वैमानिकाला सोसण्यासारखें होतें. दुसरें, म्हणजे दाटपणानें गुदमरणें, प्राणावर बेतणारें होतें. शत्रु पुढें असेल तर निसटे, आणि मागें असेल तर... त्याचा तपशील सांगावयास नको. यावर तोड म्हणून इंग्रज वैमानिक आधीं विमान कुशीवरून पालथें करीत आणि मग सूर मारीत, म्हणजे पेट्रोल तळालाच दाबलेलें राही. पण त्या पालथें होण्यांत जो क्षण जाई तेवढ्यांत मेसरश्मिट दूर गेलेलें असे.

येथें रोल्स-रॉइसच्या यंत्रज्ञांस बोल लावण्याची घाई करूं नये. कार्ब्युरेटर त्यांनीं अज्ञानानें ठेवलेला नव्हता. पेट्रोलाचें बाष्प होतांना तें भोंवतालची हवा थंड करतें. थंड हवा दाट असते, आणि दाट हवा म्हणजे अधिक जोर. पेट्रोल थेट सिलिंडरांत फवारलें तर हा लाभ गमवावा लागतो. म्हणजे शांतपणें सरळ उडणाऱ्या विमानाच्या दृष्टीनें त्यांचा हिशेब बिनचूक होता. चुकलें एवढेंच कीं झुंज ही शांतपणें सरळ उडून होत नाहीं. नवीन पद्धतीचें इंधन-उपकरण बनविणें, तपासणें, हजारों इंजिनांवर बसविणें, यांस वर्षें लागणार होतीं, आणि वैमानिक दररोज आकाशांत जात होते.

शिलिंगबाईंच्या उत्तराचें सौंदर्य असें कीं, त्यांनीं गोळ्याला शहाणें करण्याचा यत्न केला नाहीं. गोळा फसणारच, नळ सताड उघडा राहणारच, हें त्यांनीं पत्करलें. आणि प्रश्न इतकाच उरविला कीं, नळ उघडा राहिला तरी त्यांतून येतें किती? इंजिन पूर्ण जोरांत असतांना त्याला जितकें पेट्रोल लागतें, तितकें आणि किंचित् वर एवढेंच ज्यांतून वाहूं शकेल असें एक छिद्र पुरवठ्याच्या नळींत बसविलें म्हणजे झालें. मग पंपानें कितीही जोर केला तरी वाटी बुडण्याइतकें पेट्रोल येऊंच शकत नाहीं. आणि इंजिनाची उपासमारही होत नाहीं, कारण त्याची कमाल भूक मोजूनच छिद्र पाडलेलें आहे. वेगवेगळ्या जोराच्या इंजिनांसाठीं छिद्राचीं मापेंही निरनिराळीं केलीं गेलीं.

आतां, व्यासानें नव्हे तर धारेच्या मापानें ओळखलें जाणारें छिद्र ही वस्तु वाचकांस अनोळखी नाहीं. तो मुख्य जेटच आहे. फक्त आपली नेहमींची जागा सोडून दोन वीत अलीकडे येऊन बसलेला. शिलिंगबाईंच्या मनांत हा विचार कोठून आला हें सांगणारा त्यांचा एखादा उतारा आमच्यापुढें नाहीं, आणि फार्नबरोच्या प्रयोगशाळेंतील मोजमापांवांचून हें काम झालें असतें असेंही आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु ज्या मनुष्यानें वर्षानुवर्षें थंडींत कुडकुडत ब्रुकलँड्सच्या कांठाशीं एक जेट काढून दुसरा घातला आहे, प्लगचें तोंड पाहून पुन्हां पहिला घातला आहे, त्याला मोजक्या छिद्राची शक्ति हातांच्या बोटांतून ठाऊक झालेली असते. मोठ्या पंडितांनीं जेथें नवें यंत्र मागितलें असतें, तेथें शर्यतवाल्याला आधीं जेटची डबी आठवते. हा आमचा तर्क आहे, आणि तो आम्ही तर्क म्हणूनच मांडतों.

चकत्या तयार झाल्यावर शिलिंगबाई एक लहानशी तुकडी घेऊन स्वतः तळोतळीं फिरल्या आणि त्या बसवून, समजावून देत गेल्या. त्या वेळीं आपली जुनी नॉर्टन, थोडी सौम्य करून, त्यांनीं प्रवासाला वापरली असें सांगतात. दंतकथेंत जी मोटारसायकलवाली तरुणी येते ती येथून आली. मात्र बाई त्या वेळीं बत्तीस वर्षांच्या, सरकारी नोकरींतल्या जबाबदार संशोधक होत्या. अंतराळांतून उतरलेली परी नव्हे.

आतां सालाचा प्रश्न. ब्रिटनची लढाई इंग्रजांच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणें १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या काळांत झाली. चकती आली मार्च १९४१ मध्यें. तेव्हां ती लढाई ज्यांनीं जिंकली, त्यांनीं ती गुदमरणाऱ्या इंजिनांनिशींच जिंकली. पालथें होऊन सूर मारण्याची ती ओढाताणीची युक्ति वापरून जिंकली. शिलिंगबाईंना तें श्रेय देणें म्हणजे त्या मुलांचें श्रेय काढून घेणें होय, आणि त्यांपैकीं पुष्कळ जण दाद मागण्यास उरले नाहींत. चकतीचा उपयोग झाला तो पुढील झुंजींत, १९४१ पासून फ्रान्सच्या आकाशांत इंग्रजी विमानें जाऊं लागलीं तेव्हां. तेथें इंजिन बंद पडणें म्हणजे खाडीच्या पलीकडे शत्रूच्या भूमीवर पडणें होतें. या झुंजींवर लोकप्रिय चित्रपट थोडे निघतात, म्हणून चकतीला मागें ओढून १९४० मध्यें नेण्याचा मोह होतो.

दुसरेंही एक सांगितलें पाहिजे. चकतीनें दाटपणाचें गुदमरणें थांबलें. आरंभींचें विरळपणाचें अडखळणें थांबलें नाहीं. पालथ्या स्थितींत फार वेळ उडतां येईल असें इंजिन तिनें दिलें नाहीं. त्यासाठीं गोळ्याचें राज्य संपवावें लागलें, आणि १९४३ सालीं बेंडिक्सचा दाबावर चालणारा कार्ब्युरेटर आल्यावर तें संपलें. म्हणून तज्ज्ञ लोक चकतीला 'तात्पुरती मलमपट्टी' म्हणतात, आणि हा शब्द उच्चारतांना त्यांच्या स्वरांत किंचित् उणेपणा असतो. आम्हांस तो मान्य नाहीं. पक्का उपाय दोन वर्षांनीं येणार असतां मधल्या दोन वर्षांत जो उडतो त्याला मलमपट्टी हाच उपाय असतो. आणि जी मलमपट्टी रोग्याला न उठवितां, एका दुपारच्या आंत बांधतां येते, ती बांधण्यास पक्क्या उपायाइतकेंच डोकें लागतें. फरक एवढाच कीं पक्क्या उपायाला कंपनीचें नांव मिळालें, आणि मलमपट्टीला एक चावट विनोद.

युद्धानंतर शिलिंगबाईंना सरकारी सन्मान मिळाला, आणि त्या फार्नबरो येथेंच १९६९ पर्यंत काम करीत राहिल्या. ब्लू स्ट्रीक या क्षेपणास्त्राच्या कामांत त्यांचा भाग होता. पावसानें भिजलेल्या धांवपट्टीवर विमानाचीं चाकें कां घसरतात याचाही त्यांनीं अभ्यास केला. मोटारसायकलींची जागा पुढें मोटारींनीं घेतली, आणि नवराबायको दोघेंही त्यांच्या शर्यतींत उतरत. त्यांचें देहावसान १८ नोव्हेंबर १९९० रोजीं झालें. ज्या उपकरणाशीं त्यांचें आयुष्य निगडित होतें तें त्यांच्या मागें फार दिवस टिकलें नाहीं. आपल्या देशांत १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागू झाल्यावर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसा झाला, आणि मिश्रणाचें माप आतां एक लहानसा संगणक क्षणोक्षणीं घेतो. फार्नबरो गांवांत २०११ सालीं एक पानगृह उघडलें, त्याला 'द टिली शिलिंग' असें नांव देण्यांत आलें.